ओव्हलपाशी थांबलेली गाडी

स्टिअरिंग तिच्या हाती, नकाशा त्याच्या. पहाटे साताऱ्याहून निघालेलं जोडपं अटल सेतूवर येतं तेव्हा चांगलं उजाडलेलं असतं. २०२४च्या जानेवारीत खुला झालेला हा पूल जवळजवळ २२ किलोमीटरचा. हिवाळा असेल, तर शिवडीच्या चिखलात रोहित पक्षीही दिसतात.

मुंबई दिवसभरात उरकता येत नाही. उरकूही नये! पण गाडी एकाच ठिकाणी लावायची असेल, तर ती ओव्हल मैदानापाशी लावावी.

पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ साली पूर्ण झालेले. टॉवरसाठी पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी. नाव त्यांच्या आईचं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि त्यांनी मुंबई कधी पाहिलीच नाही. पश्चिमेला गोलाईदार बाल्कन्यांच्या, खिडक्यांवर लांब छज्जे असलेल्या आर्ट डेको इमारती. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर त्या १९३०च्या दशकात उभ्या राहू लागल्या. म्हणजे त्याआधी न्यायालयासमोर समुद्राचा वारा थेट येत होता. २०१८ साली युनेस्कोने या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा ठरवलं. मधल्या मैदानात मात्र पोरांचे सामने एकमेकांत घुसलेले, कोणाचा चेंडू कोणाकडे याचा पत्ता नाही. हे दृश्य धावत्या गाडीतून निसटतं, म्हणून थांबायचं.

मग मरीन ड्राइव्ह, आणि शेवटी गेटवे. तिथे दोघं पायी जातात. १९४८च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून परत गेली.