समुद्राचा सातबारा

माझ्या गावाच्या नावात दर्या आहे, समुद्र मात्र नाही. दर्यापूरहून मुंबई रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या पुढे. खारेपणा तेवढा आमच्या ओळखीचा. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा, इथे विहीर खणली तरी बऱ्याच ठिकाणी पाणी तोंडात धरवत नाही.

त्यामुळे वरळीच्या कोळ्यांचं भांडण मी शेतकऱ्याच्या घरातून बघतो. जमीन जायची वेळ आली की आमच्याकडे पहिला प्रश्न एकच, सातबारा कुणाच्या नावावर? समृद्धी महामार्गासाठी अमरावती जिल्ह्यातलीही जमीन गेली. तिथे मालक कोण, हे निदान कागदावर होतं. समुद्राचा सातबारा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या खडकांमधल्या त्याच वाटेने बोट काढणाऱ्याच्या नावावर पाण्याचा एक गुंठाही नाही. माझ्या वडिलांना एकदा विचारलं, कागद जळाला तर वावर आपलं राहील का? ते म्हणाले, “वाह्यते कोन त्याले? आपनच ना!”

हाच दावा कोळी करतात, पण त्यांचं कोण ऐकतं? कोस्टल रोडच्या पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठरलं होतं. वारा आणि भरती असताना एवढ्यातून बोट सुखरूप निघणार नाही, असं कोळी सांगत होते. त्यांना १६० हवे होते. आंदोलनं झाली, काम अडलं, तेव्हा कुठे २०२२च्या अखेरीस १२० मीटरवर तोडगा निघाला.

भरपाईच्या अर्जात बोट लिहिता येते, जाळं लिहिता येतं. कुठल्या महिन्यात कुठल्या खडकापाशी मावरं लागतं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? ते दुसऱ्या किनाऱ्यावर उचलून नेता येत नाही.

कुणी म्हणेल, कोळ्यांची पोरंही आता नोकऱ्या करतात, मग काय ते कोळी उरले नाहीत? उरले की. पुण्यात आयटीत असलेला आमचा पोरगाही स्वतःला शेतकऱ्याचा म्हणवतो. पण तो आपल्या मर्जीने निघालेला असतो आणि मागे वावर असतं. निघून जाणं वेगळं, मागचंच काढून घेतलं जाणं वेगळं.

आता वाढवण. ऑगस्ट २०२४मध्ये पालघरला या बंदराची पायाभरणी झाली, खर्च सुमारे ७६ हजार कोटी, आणि मच्छीमारांचा विरोध कायम. परदेशी जाणाऱ्या कापसाला बंदर लागतंच, म्हणजे फायद्याच्या बाजूला मीही उभा आहे. ‘देशासाठी’ म्हणताना त्या देशात कापूसवाला मोजला जातो, तसा मावरंवालाही मोजायला हवा. आणि त्याच्या ‘नाही’ला किती वजन द्यायचं, हे ठरवणारं सरकार निवडताना एक मत माझंही असतं.