हृदयाचं दुबळेपण (गीता, अध्याय २, श्लोक ३)



आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला चांगलंच खडसावतात. त्यातला एक शब्द वर्षभर माझी पाठ सोडत नाहीये: हृदयदौर्बल्य.

गेल्या गणपतीत सोसायटीच्या आरतीत एक काका अचानक कोसळले. कोणी म्हणालं चक्कर आली, कोणी पाणी आणलं, कोणी कांदा. घशातून अधूनमधून घरघर येत होती, म्हणून आम्हाला वाटलं श्वास चालू आहे. मी हात जोडून नाम घेत उभा होतो. खरं सांगू? ती भक्ती नव्हती. अंग कापत होतं, तोंड कोरडं पडलं होतं. पहिल्या अध्यायात अर्जुन स्वतःची जी अवस्था सांगतो ना, हुबेहूब तीच. १०८ची ॲम्ब्युलन्स आली तोवर उशीर झाला होता. काका गेले. आणि तळमजल्यावरच्या जिममध्ये, कुलपाआड, एईडी मशीन होतं हे मला तेराव्याला कळलं.

मग मी शिकायला गेलो. ती घरघर म्हणजे श्वास नव्हेच. हाक मारून, खांदे हलवून माणूस उठत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर हृदय बंद पडलंय असंच धरायचं. बऱ्याचदा त्या क्षणी हृदय नुसतं थरथरत असतं, रक्त पुढे ढकलत नाही. छातीवर दाब आणि शॉक दोन्ही मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून एकाने १०८ला फोन करायचा, एकाने मशीन आणायला पळायचं, आणि तुम्ही छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, जोरात दाबत राहायचं. मोठ्या माणसाची छाती ५-६ सेंटिमीटर खाली जायला हवी. (आपल्या नाजूक हातांना हे भयंकर वाटतं. वाटू दे.)

मशीन उघडलं की ते स्वतःच बोलू लागतं. उघड्या, कोरड्या छातीवर दोन पॅड चिकटवायचे: एक उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या काखेखाली. मग कोणी हात लावायचा नाही. ठोके तपासून शॉक द्यायचा की नाही हे मशीनच ठरवतं. गरज नसेल तर ते शॉक देतच नाही. शॉकनंतर लगेच पुन्हा दाब सुरू.

हे वाचताना मला अकराव्या अध्यायातलं 'निमित्तमात्र' आठवलं. निर्णय तुझा नाही, फळ तुझं नाही, पण हात तुझाच लागणार.

१२ जून २०२१ची कोपनहेगनची मॅच आठवतेय? डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन फिनलंडविरुद्ध खेळताना मैदानातच कोसळला. कॅप्टन सिमोन केअर धावत गेला. सहकारी त्याच्याकडे पाठ करून, रडत रडत, कडं करून उभे राहिले. आत डॉक्टर छाती दाबत होते. एका शॉकमध्ये हृदय परत चालू झालं आणि पुढच्या फेब्रुवारीत तो पुन्हा मैदानात होता. त्या पोरांचेही पाय लटपटतच असणार. भगवंत अर्जुनाला 'तुला भीती वाटू नये' असं कुठे म्हणतात? ऊठ म्हणतात.

कोणी म्हणेल, आयुष्याची दोरी देवाच्या हाती. हो, आहेच. सगळं करूनही कित्येक जण वाचत नाहीत. काकाही कदाचित वाचले नसते. पण ते 'कदाचित' मी हात जोडून ठरवायला नको होतं.

आजची साधना छोटी आहे. ऑफिसात, जिममध्ये, सोसायटीत एईडी आहे का, कुठे आहे, एवढं विचारून या. आमच्या जिमची एक चावी आता रात्रंदिवस वॉचमनकाकांकडे असते.

उद्या श्लोक ४.
राम कृष्ण हरी.