आधी तुझी चार ओळींची जाहिरात वाच

‘सर, फ्रीलान्सरांच्या त्या साइटवर सगळे चोर बसलेत.’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा बोलू नकोस. माणसांवर माणसं बदललीस, वेबसाइट झाली नाही, पैसे गेले आणि खापर दुसऱ्यावर फोडून मोकळा झालास. नाचता येईना, अंगण वाकडं. तुझी तक्रार मी शेवटपर्यंत ऐकली. आता तू ऐक. मध्ये बोलू नकोस.

काम देताना काय लिहिलं होतंस ते मला दाखवलंस, हे बरं केलंस. सगळं उत्तर तिथेच आहे. ‘हळद आणि मसाल्यांच्या व्यवसायासाठी वेबसाइट पाहिजे. अॅमेझॉनसारखी. बजेट कमी. काम लवकर हवं.’ संपलं. याला काम देणं म्हणतात? माल किती प्रकारचा? पाकिटं किती वजनाची? फोटो कोण काढणार? गिऱ्हाईक पैसे कसे देणार, यूपीआयने की पार्सल हातात पडल्यावर? पुण्याला माल पाठवायचा खर्च आणि गुवाहाटीला पाठवायचा खर्च सारखाच लावायचा? मजकूर मराठीत की इंग्रजीत? उद्या हळदीचा दर बदलला तर तो तू स्वतः बदलणार, की दर वेळी त्याला फोन करणार? ‘कमी’ म्हणजे किती रुपये? ‘लवकर’ म्हणजे कोणती तारीख?

यातलं एक अक्षर तू लिहिलं नाहीस. कारण तुला ते माहीतच नव्हतं. आणि माहीत नव्हतं, कारण तासभर एका जागी बसून आपल्याला काय हवंय याचा विचार करायचा तुला कंटाळा आला. वेळ नव्हता म्हणू नकोस. रात्री बारापर्यंत रील बघायला वेळ असतो. तुला वाटलं, विचारही तोच करेल, कामही तोच करेल, आपण फक्त ‘आवडलं नाही’ एवढं सांगायचं. तू काम दिलं नाहीस. तू आपली जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात मारलीस आणि त्याने ती पेलली नाही म्हणून त्याला चोर ठरवलंस.

चांगली माणसं आलीच नाहीत म्हणतोस. का येतील? अपवर्क या साइटवर प्रस्ताव पाठवायचा तर फ्रीलान्सरला त्यासाठी ‘कनेक्ट्स’ खर्च करावे लागतात, आणि ते संपले की पैसे देऊन घ्यावे लागतात. ज्याच्या हाताला कामाची वाण नाही, तो तुझ्या चार ओळी वाचून आपले पैसे कशाला घालवेल? त्याला लगेच कळतं की या माणसाचं काहीच ठरलेलं नाही, हा रोज नवीन सुधारणा सांगणार आणि शेवटी पैशांवरून भांडणार. तो पुढे निघून जातो. मागे उरतात ते शंभर ठिकाणी एकच मजकूर चिकटवणारे. तुझी जाहिरात न वाचता प्रस्ताव पाठवणारे. तूही त्यांचा प्रस्ताव न वाचता त्यातला सगळ्यात कमी आकडा निवडलास.

आणखी एक गोष्ट तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाही. तिथे तू त्यांना जोखतोस तसे तेही तुला जोखतात. आजवर किती पैसे खर्च केलेस, टाकलेल्या कामांपैकी कितींवर खरोखर माणूस नेमलास, तुझ्याबरोबर काम केलेल्यांनी तुझ्याबद्दल काय लिहिलंय, हे त्यांना दिसतं. तुझंही प्रगतिपुस्तक तिथे उघडं पडलेलं आहे. कधी वाचलंस?

आता त्या सगळ्यात कमी आकड्याबद्दल बोलू. फायव्हर ही दुसरी साइट 2010 साली इस्रायलमध्ये सुरू झाली तेव्हा पाच डॉलरला काम, अशी तिची ओळख होती. ते दिवस कधीच मागे पडले, तू मात्र अजून तिथेच उभा आहेस. आजही तिथल्या विक्रेत्याच्या कमाईतले वीस टक्के साइट कापून घेते. हजाराचं काम असेल तर त्याच्या हाती आठशे पडतात. त्यात त्याने संगणक, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर भागवायचं, तुझ्या मनातलं ओळखायचं आणि वर तुझ्या सुधारणा फुकट करून द्यायच्या? तो तयार साचा उचलणार, नाव बदलणार आणि पुढच्या ऑर्डरकडे वळणार. तुझ्या वेबसाइटच्या तळाशी कुठल्याशा परदेशी जिमचा पत्ता तसाच राहिला होता म्हणून तू आरडाओरडा केलास. तेवढ्या पैशांत तेवढंच मिळतं. तुझ्याकडे कोणी दर्जेदार हळद निम्म्या दरात मागितली तर तू त्याला दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवतोस. तिथे तुला कष्टाचं मोल बरोबर कळतं.

तुझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला उभे राहतात तेव्हा पोत्यावरचं नाव बघून बोली लावतात का? हळकुंड मोडतात, आतला रंग बघतात, मग आकडा तोंडातून काढतात. तू लहानपणापासून त्यांच्या शेजारी उभा राहून हे शिकलास. आणि माणूस निवडताना काय केलंस? नावापुढचे तारे बघितलेस आणि बोट दाबलंस. त्या ताऱ्यांखाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचलंस? त्याला मिळालेली शाबासकी बहुतेक लोगोसाठी होती. तू त्याला पैसे घेणारी, माल विकणारी, हिशेब ठेवणारी वेबसाइट करायला सांगितलीस. लोगो चांगला काढणारा माणूस हे करू शकेल, असं तुला कोणी सांगितलं? त्याने केलेल्या म्हणून दाखवलेल्या वेबसाइट उघडून बघितल्यास? मोबाईलवर त्या नीट दिसतात का? त्यातलं नेमकं काय त्याने केलं आणि काय दुसऱ्याने, हे विचारलंस? दहा मिनिटं त्याच्याशी समोरासमोर बोललास? नाही, नाही आणि नाही.

बोलून खात्री पटत नसेल तर आधी एक लहान काम द्यावं. एक पान, पैसे देऊन. तू काय केलंस? चार-पाच जणांकडून फुकट नमुने मागवलेस, एकाची रंगसंगती आणि दुसऱ्याची मांडणी उचलून तिसऱ्याच्या हातात दिलीस. हे मला सांगताना तुझ्या चेहऱ्यावर हुशारी केल्याचा आनंद होता. मला लाज वाटली. ही चोरी आहे. अपवर्कच्या नियमांतही फुकट काम मागायला मनाई आहे. आणि साइटवर चोर बसलेत म्हणून तूच मला सांगत होतास.

मग तू सगळ्यात मोठा मूर्खपणा केलास. साइटचं शुल्क वाचवण्यासाठी त्या माणसाला व्हॉट्सअॅपवर आणलंस आणि पूर्ण रक्कम आगाऊ त्याच्या खात्यावर पाठवून दिलीस. पूर्ण! हळदीच्या व्यापाऱ्याला तू माल न बघता कधी पूर्ण पैसे दिलेस? ते शुल्क कशाचं होतं, याचा विचार एकदा तरी केलास? ठरीव रकमेचं काम असेल तर तू भरलेले पैसे साइट आपल्याकडे धरून ठेवते. एक टप्पा पुरा झाला, तू तो तपासून मान्य केलास, की तेवढे पैसे त्याच्याकडे जातात. वाद झाला तर दोघांचं म्हणणं ऐकायची सोय असते, कारण करार, निरोप, फाइली सगळं तिथे नोंदलेलं असतं. तासांवर काम असेल तर अपवर्कच्या वर्क डायरीत साधारण दर दहा मिनिटांना त्याच्या स्क्रीनचं एक चित्र जमा होतं, म्हणजे तू कशाचे पैसे देतोयस ते तुला दिसतं. हे सगळं थोडक्या टक्क्यांसाठी तू आपल्या हाताने फेकून दिलंस. वर नियमही मोडलास. अपवर्कवर ओळख झालेल्या माणसाला दोन वर्षं बाहेरून पैसे देता येत नाहीत, द्यायचे तर त्याचं वेगळं शुल्क भरावं लागतं. आता कोणत्या तोंडाने त्यांच्याकडे दाद मागणार?

आणि ही सोय आहे म्हणून तू झोपून राहायचं नसतं. अपवर्कवर टप्प्याचं काम सादर झाल्यावर 14 दिवस तू गप्प बसलास तर पैसे आपोआप सुटतात. फायव्हरवर तर तीन दिवसांत उत्तर दिलं नाहीस की ऑर्डर पूर्ण झाली असं धरतात. त्या आधीच्या माणसाच्या वेळी हेच झालं. आलेली फाइल तू उघडलीसुद्धा नव्हतीस. ‘घरात लग्न होतं, सर.’ लग्नात मोबाईल खिशातच होता ना? फोटो तर तासातासाला टाकत होतास.

आता सांग, वेबसाइटच्या नावाची नोंदणी कोणाच्या ईमेलवर आहे? त्याच्या. होस्टिंगचा पासवर्ड? त्याच्याकडे. आजोबांपासून चालत आलेलं दुकानाचं नाव, आणि इंटरनेटवर ते एका अनोळखी माणसाच्या ताब्यात, जो आता तुझा फोन उचलत नाही. डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या पैशांनी घ्यायला अर्धा तास पुरतो. पहिल्या दिवशी करायचं ते काम. तेवढाही त्रास घेतला नाहीस.

‘पण पैसे मी दिलेत, म्हणजे काम माझंच ना?’ हे तुला कोणी शिकवलं? 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 वाच. पगारी नोकराने नोकरीत केलेलं काम मालकाचं. फ्रीलान्सर तुझा नोकर नाही. त्याने लिहिलेल्या मजकुराचा, कोडचा पहिला मालक तोच, जोवर तो हक्क लेखी, सहीनिशी तुझ्या नावे करून देत नाही. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर कलम 19 प्रमाणे ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर हक्क भारतापुरताच. साइटवरून काम दिलंस तर तिच्या अटींमध्ये हक्कांची काही तरतूद असते. तू बाहेर पडलास, एक ओळ लिहून घेतली नाहीस आणि आता वकील शोधतोयस. बैल गेला आणि झोपा केला.

हे सगळं एखाद्या अडाण्याने केलं असतं तर मी एवढा जीव जाळला नसता. वर्गात गणित हातात आलं की आधी काय दिलंय आणि काय काढायचंय हे वेगळं लिहिणारा मुलगा तू होतास. आजही हळदीत कर्क्युमिन किती टक्के, ओल किती, हे घाऊक गिऱ्हाइकाला तू तोंडपाठ सांगतोस. तुझ्याकडे अक्कल आहे. दुकानाच्या गादीवर ती असते आणि मोबाईल हातात घेतलास की ती तू गहाण टाकतोस. संताप मला त्याचा येतो.

आणि सगळे चोर म्हणतोस, मग ती नांदेडची मुलगी कोण? पाकिटांची लेबलं करणारी? तीही त्याच साइटवर सापडली होती ना? तुझ्या अर्धवट निरोपावरून तिने तुला उलट प्रश्न विचारले. एफएसएसएआयचा परवाना क्रमांक कुठे आहे, निव्वळ वजन किती, बॅच नंबरला जागा कुठे ठेवायची. तू विसरलेल्या गोष्टी तिने आठवणीने विचारल्या आणि ठरल्या तारखेला काम हातात दिलं. तीच लेबलं लावून दिवाळीला तुझा माल गेला. आणि तिचे उरलेले पैसे? ‘जरा माल उठू दे, मग देतो.’ माल उठला. दिवाळी होऊन महिने झाले. तिचे मेसेज तू वाचून ठेवतोस, उत्तर देत नाहीस. ज्याने तुझे पैसे बुडवले तोही तुझ्याशी हेच करतोय. दोघांत फरक काय, मला समजावून सांग.

कायदाही ऐकून ठेव. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी 2006 चा कायदा आहे. तिने उद्यमची नोंदणी केलेली असेल तर लेखी करार असूनही तुला 45 दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत, आणि करार नसेल तर मुदत 15 दिवसांचीच. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. तिला कदाचित हे ठाऊक नसेल. तुला आता ठाऊक झालं, त्यामुळे यापुढे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहिली नाही.

घरी जा. कागद घे, मोबाईल नको. मघाशी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या अक्षरात लिही. जिथे उत्तर येत नाही तिथे वडिलांना विचार, गिऱ्हाइकांना विचार. तो कागद पुरा होईपर्यंत कुठल्याही साइटवर कामाची एक ओळ टाकायची नाही. पुरा झाला की मला आणून दाखव, मी लाल पेन घेऊन बसतो. पण त्याआधी त्या मुलीचे पैसे पाठव, उशीर झाल्याबद्दल माफी माग आणि तिच्या कामाबद्दल साइटवर खरं ते चांगलं लिही. हे आजच व्हायला हवं. ते झाल्याशिवाय माझ्या दारात येऊ नकोस.