परदेशांतील खोदकाम आणि स्वदेशाची निवडणूक

मनुष्य पोटासाठीं किंवा विद्येसाठीं दूर देशीं जातो, आणि त्याच्या मागें स्वदेशांत निवडणूक येते. अशा वेळीं त्यानें तिकडे कान लावावा, कीं हातांतल्या कामांतच मन घालावें? आपल्या खेड्यांतलीं मुलें आखाती देशांत चाकरीस असतात, म्हणून हा प्रश्न आपल्या उंबऱ्यापासून दूर नाहीं. २०१० सालच्या कायद्यानें त्यांचें नांव मतदारयादींत घालतां येतें. परंतु मत देण्यास स्वतः गांवीं यावें लागतें. बहुतेकांच्या वांट्यास नुसती बातमी येते.

या विचारास मिसर देशांतील एक प्रसंग उपयोगी पडेल. नोव्हेंबर १९२२ मध्यें लक्सॉरनजीकच्या राजांच्या खोऱ्यांत हॉवर्ड कार्टर या इंग्रज संशोधकास तूतनखामेन राजाची कबर सांपडली. पुढील वर्षाच्या हिवाळ्यांत तो व त्याचे सोबती, ज्यांत कांहीं अमेरिकनही होते, राजाच्या दगडी शवपेटीभोंवतींचीं एकांत एक बसविलेलीं चार सोनेरी मखरें सुटीं करीत होते. तीन हजार वर्षांवरचें जुनें लांकूड, अडचणीची खोली. काम फार नाजूक.

त्याच हिवाळ्यांत, ६ डिसेंबर १९२३ रोजीं, इंग्लंडांत पार्लमेंटची निवडणूक झाली. परदेशी मालावर जकात बसवावी कीं नाहीं, हा मुख्य वाद होता. कोणत्याच पक्षास बहुमत मिळालें नाहीं, आणि २२ जानेवारी १९२४ रोजीं रॅम्से मॅकडोनल्ड हे मजूरपक्षाचे पहिले मुख्य प्रधान झाले. जो देश सोडून गेला त्यानें तिकडच्या कारभाराची उठाठेव करूं नये, असें म्हणणारे आहेत. आम्हांस तें पटत नाहीं. त्याचीं आईबापें त्याच कायद्याखालीं राहतात, आणि एक दिवस तोही तेथेंच परतणार.

परंतु ज्या भूमीवर तो उभा आहे तिचें काय? त्याच जानेवारींत मिसर देशांतही निवडणूक झाली. १९२३ च्या राज्यघटनेनंतरची ती पहिलीच. इंग्रजांनीं ज्यांस दोनदां हद्दपार केलें होतें, त्या साद झगलूल यांच्या वफ्द पक्षास मोठें बहुमत मिळालें, आणि तेच मुख्य प्रधान झाले. बांधकाम खातें, ज्याच्या हाताखालीं पुराणवस्तूंचा कारभार होता, मोर्कोस हन्ना यांजकडे आलें. तेही इंग्रजांच्या तुरुंगांत राहून आलेले होते. घराचा धनी बदलला होता. त्यापूर्वींच कबरीच्या बातम्यांचा मक्ता लंडनच्या टाइम्स पत्रास दिला गेला होता, म्हणून आपल्याच राजाची बातमी मिसरच्या पत्रांस परक्यांकडून घ्यावी लागे. हें त्यांस झोंबलें, यांत नवल नाहीं.

१२ फेब्रुवारी १९२४ रोजीं शवपेटीचें जड झांकण दोरांनीं वर उचललें गेलें. दुसरे दिवशीं संशोधकांच्या बायकांस कबर दाखवावयाची होती. सरकारनें मनाई केली. कार्टरनें अपमान मानून काम थांबविलें व कबरीस कुलूप घातलें. झांकण दोरांवर लोंबतच राहिलें! सरकारनें त्याचा परवाना रद्द केला. प्रकरण न्यायालयांत गेलें. तेथें त्याच्या वकिलानें सरकारच्या कृत्यास लुटारूंची उपमा दिली, आणि जमत आलेली तडजोड मोडली.

मनाई करण्यांत सरकारचा हट्ट होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. बायकांनीं कबर पाहिल्यानें कांहीं बिघडलें नसतें. तसेंच कार्टरच्या हाताची काळजी व चिकाटी अशी कीं तिच्यामुळेंच त्या पांच हजारांवर वस्तू टिकल्या. तथापि परवाना देणारा जो, त्याचा शब्द पाळणें हें पाहुण्याचें काम आहे, मग तो शब्द कितीही कडू लागो. लंडनांत मतपेटींतून आलेलें सरकार मान्य, आणि कैरोंत मतपेटींतूनच आलेलें सरकार मात्र उपद्रव, असें दोन मापांनीं कसें मोजावें?

नोव्हेंबर १९२४ मध्यें इंग्रज सेनापति सर ली स्टॅक यांचा कैरोंत खून झाला. इंग्रजांच्या दडपणाखालीं झगलूल यांनीं राजीनामा दिला. नवें सरकार कार्टरला सोयीचें होतें. जानेवारी १९२५ मध्यें तो पुनः कबरींत उतरला. मात्र त्यासाठीं खोदकामाचा खर्च सोसणारे लॉर्ड कार्नार्व्हन, जे १९२३ त वारले होते, त्यांच्या कुटुंबास वस्तूंवरील हक्क सोडावा लागला. त्या वस्तू मिसर देशांतच राहिल्या.