निवडुंगाचा पावसाळा

दुकानाच्या चौकटीला काळ्या दोऱ्याने उलटी टांगलेली कोरफड आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. दृष्ट लागू नये म्हणून ती तिथे असते. मुळं हवेत, माती नाही, पाणी नाही, तरी ती महिनोन्महिने हिरवी राहते आणि हळूहळू शेंडा वळवून पुन्हा वरच्या दिशेने वाढायला लागते. दुकानदाराने तिच्याकडून रक्षणाची अपेक्षा ठेवलेली असते, तिचं काही करायचं असतं असं त्याच्या मनातही येत नाही. तीच कोरफड आत गल्ल्याशेजारी, तळाला भोक नसलेल्या देखण्या कुंडीत लावली आणि रोज उदबत्ती लावताना पेलाभर पाणी घालायला सुरुवात केली, तर श्रावण संपायच्या आत तिचा बुंधा मऊ पडेल.

नर्सरीवाले आणि ऑनलाइन विक्रेते कोरफडीसारखी ही मांसल झाडं, म्हणजे कॅक्टस आणि सक्युलंट, ‘मेंटेनन्स फ्री’ म्हणून विकतात. नोकरी करणाऱ्यांसाठी, सतत फिरतीवर असणाऱ्यांसाठी, ‘ज्यांच्या हाताला झाड लागत नाही’ त्यांच्यासाठी. मला हा शब्दप्रयोग फसवा वाटतो. या झाडांना कष्ट कमी लागतात हे खरं, पण माहिती जास्त लागते. गुलाब किंवा मोगरा चुकीच्या वेळी पाणी मिळालं तरी समजून घेतो. एचेव्हेरियासारखी सक्युलंट समजून घेत नाही. आणि तिची तक्रार आपल्यापर्यंत पोचते तेव्हा मुळं संपलेली असतात, कारण पानांत साठवलेल्या पाण्यावर ती आणखी काही आठवडे टवटवीत दिसत राहते.

आपली अडचण अशी की झाडाची काळजी आणि पाणी घालणं या आपल्याकडे जवळपास एकच गोष्ट आहेत. सकाळी तुळशीला पाणी, वैशाखात पिंपळाला पाणी, गच्चीवर पाखरांसाठी पाणी. पाणी घालण्यात पुण्य आहे असं मानणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाला, समोर कोरडी ठणठणीत कुंडी दिसत असताना स्वस्थ बसणं जड जातं. घरी आलेल्या मावशी किंवा शेजारच्या काकू तर हमखास विचारतात, ‘याला पाणी नाही का घातलं?’ आणि उत्तराची वाट न बघता घालतात.

ही झाडं वेगळी का वागतात, याचा एक महत्त्वाचा धागा भारतात सापडला होता आणि तोही जिभेने. बेंजामिन हेन हा मद्रासकडे कंपनी सरकारच्या नोकरीतला वनस्पतितज्ज्ञ. आपण जिला पानफुटी म्हणतो, जिच्या पानाच्या कडेला खाचाखाचांतून पिलं फुटतात, त्या झाडाची पानं त्याने दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिली. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. त्याचं हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्याचा अर्थ लागायला पुढे शंभराहून जास्त वर्षं गेली. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्या व्यवहारात भरपूर पाणी वाफेवाटे गमावतात. पानफुटी, कोरफड आणि बहुतेक सगळे कॅक्टस ही दारं उन्हात बंद ठेवतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवला जातो, म्हणून सकाळी पान आंबट. दिवसभर उजेडात ते आम्ल वापरलं जातं, म्हणून संध्याकाळपर्यंत आंबटपणा गेलेला. (हेनसारखं चाखून बघायला जाऊ नका. पानफुटी खाऊन गुरं दगावल्याच्या नोंदी आहेत.)

ही यंत्रणा कळली की बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडतं म्हणून झोपायच्या खोलीत ठेवा, असा मजकूर अनेक कुंड्यांच्या चिठ्ठीवर असतो. ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. रात्री हे झाड कार्बन डायऑक्साइड आत घेतं एवढंच. झोपायच्या खोलीत जरूर ठेवा, दिसायला छान आहे, पण फुप्फुसांचा हिशोब त्याच्यावर सोडू नका.

खरा गोंधळ कॅलेंडरचा आहे. या छंदावरची पुस्तकं बहुतेक इंग्लंड, जर्मनी किंवा अमेरिकेत लिहिलेली, आणि आता व्हिडिओही तिकडचेच. त्यांत एक नियम ठळकपणे दिलेला असतो: हिवाळ्यात पाणी बंद. तिकडे ते बरोबरच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडे अंधार, थंडी आणि ओल एकत्र येतात आणि ओल्या मातीतली मुळं सडतात. पण पुण्यात किंवा नाशकात डिसेंबर म्हणजे स्वच्छ ऊन, कोरडी हवा आणि गार रात्री. एचेव्हेरिया, हॉवर्थिया यांच्यासाठी याहून चांगले दिवस वर्षात नाहीत. पानांवर गुलाबी, जांभळे रंग चढतात ते याच दिवसांत. अशा वेळी पुस्तकाचं ऐकून त्यांना कोरडं ठेवायचं आणि मे महिन्यात ‘उन्हाळा आहे, तहान लागली असेल’ म्हणून पाणी वाढवायचं, हे अगदी उलट झालं. मेच्या उकाड्यात यांतली बरीच झाडं वाढ थांबवून झोपलेली असतात. आणि युरोपच्या पुस्तकांत जे संकट जानेवारीच्या नावाने लिहिलेलं असतं, ते आपल्याकडे जुलैत येतं. ढगाळ आकाश, दमट हवा, दिवसेंदिवस न सुकणारी माती. या झाडांपुरता आपला खरा हिवाळा म्हणजे पावसाळा. मुंबईत आणि कोकणात तर तो चार महिने मुक्कामाला असतो.

मग जूनच्या आधी कुंड्या छपराखाली घ्या, वारा खेळता ठेवा, पाण्याचा हात आखडा. इतकं सांगून हा विषय संपवता आला असता. पण त्याने एक गैरसमज पक्का होईल, की ही सगळी वाळवंटाची लेकरं आणि पाऊस त्यांचा वैरी. तसं नाही. सांगली आणि सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात शेतकऱ्यांनी सिमेंटच्या खांबांवर चढवलेलं ड्रॅगन फ्रूट, ज्याला गुजरात सरकारने २०२१ मध्ये ‘कमलम्’ हे नाव दिलं, तोही कॅक्टसच, पण मध्य अमेरिकेतल्या जंगलांत झाडांवर चढणारा. नाताळच्या सुमारास फुलणारा ख्रिसमस कॅक्टस आग्नेय ब्राझीलच्या दमट डोंगरांतला. त्याला वाळवंटी समजून रणरणत्या उन्हात कोरडा ठेवला तर तो सुकून जाईल. कुठलं झाड कुठल्या डोंगरावरून आलं हे माहीत नसेल तर त्याची काळजी घेणं हा अंदाजपंचे दाहोदरसे कारभार होतो.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या घरचंच आहे. शिंदळ माकुडी. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. डाल्झेल या वनस्पतितज्ज्ञाने १८६० च्या दशकात जुन्नर परिसरातून ती प्रथम नोंदवली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव तिला दिलं. आता काही तज्ज्ञ तिला दुसऱ्या प्रजातीत घालतात, पण छंदिष्टांच्या तोंडी फ्रेरियाच आहे. बोटाएवढ्या जाड, मांसल फांद्या, त्यावर पानं, आणि फुलं म्हणजे लालसर चांदण्यांवर पिवळे ठिपके. शिवनेरी, पुरंदर, वज्रगड अशा सह्याद्रीतल्या मोजक्या ठिकाणी, उभ्या कातळाच्या खाचांत ती उगवते. उन्हाळ्यात पानं टाकून देते आणि नुसत्या फांद्यांवर तग धरते. पाऊस आला की पुन्हा पानं. म्हणजे ही सक्युलंट असून पावसाळ्यावरच जगते. सह्याद्रीचा पाऊस, तोही काही थोडाथोडका नाही, ती अंगावर घेते आणि कुजत नाही, कारण बसाल्टच्या उभ्या कड्यावर पाणी पडतं आणि निघून जातं. तिच्या मुळांशी मूठभर माती असते, वाटीभर पाणी कधीच नसतं.

कुंडीच्या मातीबद्दल जे काही सांगायचं ते या कड्याने सांगून टाकलंय. पाणी पडू द्या, थांबू देऊ नका. जाड वाळू, विटांचा बारीक चुरा, मिळाला तर प्यूमिस किंवा पर्लाइट, थोडी माती, थोडं कुजलेल्या पानांचं खत. निम्म्याहून जास्त भाग खड्यांचा असावा. मातीची, भाजलेली कुंडी. तळाला भोक असलंच पाहिजे. पाणी घालायचं तर भोकातून वाहेपर्यंत भरपूर, आणि पुन्हा माती खालपर्यंत सुकेस्तोवर हातही लावायचा नाही. आठवड्यातून दोन चमचे, हा जो सल्ला ऐकू येतो तो सर्वांत वाईट. त्याने खालची मुळं उपाशी राहतात आणि वरची ओली. कुंडी उचलून वजन पाहा, खालच्या पानांना सुरकुत्या आल्यात का पाहा. सुरकुतलेलं पान पाणी मागतं. पिवळं, काचेसारखं अर्धपारदर्शक झालेलं पान आधीच जास्त प्यायलेलं असतं. नर्सरीतून आलेलं झाड बहुतेकदा नुसत्या कोकोपीटमध्ये असतं, ते पावसाळ्यात स्पंजासारखं ओलं राहतं. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात ते बदला. मुळांत पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर धुऊन काढा आणि ती कुंडी इतरांपासून लांब ठेवा.

पिठ्या ढेकणाच्या अशाच एका भाऊबंदाने या देशात मोठं काम केलं आहे. फड्या निवडुंग आज गावाच्या बांधावर इतका मुरलेला दिसतो की तो बाहेरचा वाटत नाही, पण तो अमेरिकेतून आला. कंपनी सरकारला त्याच्यावर कोचिनीलचे किडे पाळून किरमिजी रंग काढायचा होता. १७९५ मध्ये ब्राझीलहून आणलेले किडे हलक्या जातीचे निघाले. रंगाचा धंदा बसला, पण त्या किड्यांनी निवडुंगाची एक जात खाऊन फस्त केली. दुसऱ्या एका जातीचे फड रानोरान माजले तेव्हा १९२६ मध्ये श्रीलंकेतून वेगळा किडा आणून तेही आटोक्यात आणावे लागले. त्रिधारी निवडुंग मात्र इथलाच, आणि तो कॅक्टस नाहीच. तोडला की पांढरा चीक येतो तो शेराच्या कुळातला. हा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, तेव्हा लहान मुलं असलेल्या घरात या दोहोंतला फरक माहीत असणं बरं.

म्हणजे परक्या मुलखात एक कॅक्टस माजतो, आणि तिकडे त्याच्या गावी त्याचेच नातेवाईक संपत चाललेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत कॅक्टसच्या १,४७८ जाती तपासल्या गेल्या, त्यांतल्या ३१ टक्के धोक्यात होत्या. सोनेरी काट्यांचा तो गोल गोल्डन बॅरल पुण्यातल्या कुठल्याही नर्सरीत ओळीने मांडलेला असतो. मेक्सिकोत केरेतारोच्या दऱ्यांत मात्र १९९० च्या दशकात झिमापान धरणाखाली त्याच्या मूळ वस्तीचा मोठा भाग बुडाला. शिंदळ माकुडीचंही थोडंफार असंच. फांदीचा तुकडा खपली धरेपर्यंत सुकवून खड्यांत खोचला की ती रुजते, म्हणून जगभरातल्या संग्राहकांच्या काचघरांत ती सुखाने वाढते. तिचे कडे मात्र वणवे, चराई आणि माणसांचे हात यांच्या तावडीत आहेत.

यातलं माणसांचे हात हे कारण आपल्या छंदाशी थेट जोडलेलं आहे. २०२० मध्ये इटलीत एका घरावर पडलेल्या छाप्यात चिलीच्या अटाकामा वाळवंटातून उपटून आणलेली हजाराहून जास्त कॅक्टसची झाडं सापडली; त्यांतली शेकडो पुढच्या वर्षी चिलीला परत पाठवली गेली. त्यांत कोपियापोआची संख्या मोठी होती, आणि हा कॅक्टस वाढतो अगदी सावकाश. दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटम या सक्युलंटची चोरी गेल्या काही वर्षांत इतकी वाढली की त्या जातींचं रानातलं अस्तित्वच धोक्यात आलं. जवळपास सगळं कॅक्टस कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइट्स’ करारात येतं, तरी मागणी आहे तिथे पुरवठा होतोच. मागणी कुणाची, तर झाडाची काळजी घेणाऱ्यांची.

बाजारातल्या दोन फसवणुकी यापुढे किरकोळ म्हणायला हव्यात, पण ओळखून ठेवा. छोट्या कॅक्टसच्या डोक्यावर कुरकुरीत, कागदी फूल दिसलं तर ते गोंदाने चिकटवलेलं असतं. आणि हिरव्या खोडावर बसवलेला तो लाल-पिवळा गोळा, मून कॅक्टस, त्याच्यात हरितद्रव्यच नसतं; खालच्या ड्रॅगन फ्रूटच्या खोडावर तो कलम केलेला असतो आणि त्याच्याच जिवावर काही वर्षं निघतात. घ्यायचा तर तेवढ्या वर्षांचा हिशोब ठेवून घ्या.

एखादा दुर्मिळ सक्युलंट, वेडावाकडा, ओरखडे असलेला, मुळांना रानातली माती चिकटलेला, ‘खास कलेक्टरसाठी’ म्हणून समोर आला तर तो घेऊ नका. बियाण्यापासून किंवा फांदीपासून नर्सरीत वाढवलेलं झाड मागा, त्याचं पूर्ण नाव आणि मूळ गाव विचारा. विक्रेत्याला ते सांगता येत नसेल तर दुसऱ्याकडे जा. आणि पावसाळा सरता सरता शिवनेरीला गेलात आणि कड्याच्या खाचेत लाल चांदण्या दिसल्या, तर फोटो काढा, पण तो टाकताना नेमकी जागा सांगू नका.