राखणीवरची मरळ

रेणुकामातेचं देऊळ आमच्या केडगावातच. त्यामुळं नवरात्राचे नऊ दिवस घरात वशाट शिजत नाही. दसरा झाला की मात्र जीभ ऐकत नाही. अशाच एका आश्विनात मी राहुरीकडं, मुळा धरणाच्या फुगवट्यावर गेलो होतो. २६ टीएमसीचं धरण त्या साली काठोकाठ भरलेलं. पावसाचं गढूळ पाणी ऑक्टोबरात निवळतं, गळ टाकायला तेच दिवस बरे.

काठाजवळच्या गवतात पाणी बुडबुडल्यासारखं दिसलं. बघतो तर मरळीच्या लालसर पिलांचा घोळका. मरळीला नुसत्या पाण्यातल्या हवेवर भागत नाही, वर येऊन श्वास घ्यावा लागतो. पिलंही तशीच वर येतात. आणि खाली आईबाप राखण करत असतात.

मी गळाला बेडूक लावून घोळक्याच्या मधोमध सोडला. क्षणात दोरी ताणली. दोन किलोची तरी असंल.

शेजारी एक भोई म्हातारा बसलेला. सगळे त्यांना आबा म्हणायचे. म्हणाले, "पाव्हणं, ती भुकेनं नाय आली. पिलांवर काय पडलं म्हणून धावली."

मी हसलो. पण नजर पाण्याकडं गेली. घोळका विस्कटला होता आणि चिलापी त्यात शिरली होती. थोड्या वेळानं पाणी गप्प झालं.

मरळ घरी आणली, कालवण झालं, मी खाल्लं. खोटं कशाला बोलू?

माझा चुलतभाऊ म्हणतो, "तू कांद्यावर औषध मारतो, उंदराला गोळ्या ठेवतो, तवा नाय काही वाटत?" त्याचं चुकत नाही. मारणं शेतकऱ्याला सुटत नाही. शिवाय आबांचा नियम हिशोबाचाही असंल. पिलं जगली तर पुढच्या साली मासा मिळणार. पण मला टोचतं ते मारणं नव्हे. गळ एरवी माशाच्या हावेला लागतो, त्या दिवशी तो मायेला लागला. ज्या गुणासाठी आपण माणसाला चांगलं म्हणतो, त्याच गुणाला मी धरलं.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. लहानपणी आमच्या गाईचं वासरू मेलं, ती पान्हा सोडीना. वडलांनी त्याच कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं ठेवलं. गाय ते चाटत राहिली आणि आई धार काढत राहिली. ते दूध आम्ही भावंडं प्यालो. वडलांना दुष्ट म्हणायला माझी जीभ वळत नाही. घरात खाणारी तोंडं सात होती. मरळीच्या वेळी माझ्या घरात धान्य भरलेलं होतं. एवढा फरक मला दिसतो, पण तेवढ्यानं गाईचं काय, हे मला सांगता येत नाही.

अजूनही दसऱ्यानंतर मी फुगवट्यावर जातो. गळ टाकायच्या आधी काठाकाठानं गवतातलं पाणी बघत फिरतो. पोरं म्हणतात, "आजोबा, टाका की, ऊन चढलं." मी म्हणतो, "थांब जरा, हितं पिलं हायेत का बघू दे."