पदच्छेद कोणाचा?

ग्रंथ संगणकावर शोधता यावा म्हणून आधी त्याची सारणी करावी लागते. मजकुरातला एकेक शब्द उचलायचा, तो कुठे कुठे आला ते अध्याय, खंड आणि श्लोकांचे आकडे त्याच्यापुढे मांडायचे आणि सगळे अकारविल्हे लावून ठेवायचे. पुढे कोणी शब्द टाइप केला की यंत्र मूळ ग्रंथ वाचत बसत नाही. ते सारणीत बघते आणि पत्ते काढून देते. कादंबरीच्या किंवा कायद्याच्या पुस्तकाच्या बाबतीत हे काम बरेचसे कारकुनीच असते. धर्मग्रंथाची सारणी मात्र भाष्यात मोडते असे माझे मत आहे. भाष्यकार आपल्या नावानिशी उभा राहतो आणि प्रतिपक्षाची उत्तरे देतो. तीच अपेक्षा सारणीकाराकडूनही केली पाहिजे.

छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय घ्या. उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, 'तत्त्वमसि' हे वाक्य नऊ वेळा ऐकवतो. त्याच्या लगेच आधी 'आत्मा' हा शब्द येतो. 'आत्मा'च्या शेवटी दीर्घ आकार आहे, त्यामुळे पुढे 'तत्' असो की 'अतत्', कानावर पडणारा उच्चार एकच. शंकराचार्य 'तत्' असा पदच्छेद करतात आणि जीवब्रह्माचे ऐक्य सिद्ध करतात. मध्वाचार्य 'अतत्' असा करतात आणि भेद सिद्ध करतात. आता सारणी करणाऱ्याने काय करावे? हे नऊ पत्ते 'त'खाली टाकायचे की 'अ'खाली? छापील प्रतींत सहसा पहिलाच पदच्छेद असतो, तोच यंत्रात जातो. मग द्वैतमताच्या अभ्यासकाने 'अतत्' शोधले की पडद्यावर येते: काहीही आढळले नाही. शेकडो वर्षे चाललेला वाद एका रांगेत निकाली निघाला आणि निकाल कोणी दिला हे कुठेच लिहिलेले नाही. भाष्यात न पटलेले मत निदान खंडनासाठी तरी उद्धृत होते. सारणीत ते नुसते नाहीसे होते, आणि शोधणाऱ्याला वाटते की ग्रंथातच ते नसावे.

पदच्छेद हा निर्णय असतो, आणि निर्णयाला कर्ता लागतो, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होते. ऋग्वेदाचा पदपाठ, म्हणजे एकेक शब्द सुटा करून दिलेला पाठ, शाकल्याचा म्हणून ओळखला जातो. त्याच्याशी मतभेद झाला तर तो शाकल्याशी होतो, वेदाशी नव्हे. दहाव्या मंडलाच्या एकोणतिसाव्या सूक्तात पहिल्याच ऋचेत 'वायो' असे रूप आहे. शाकल्याने ते 'वा' आणि 'यः' असे तोडले. यास्काने निरुक्तात त्याचे नाव घेऊन आक्षेप घेतला: हा एकच शब्द, 'वायः', म्हणजे पक्ष्याचे पिल्लू. इथे 'यः' असता तर पुढच्या क्रियापदावर स्वर आला असता आणि वाक्याचा अर्थही अपुरा राहिला असता. यातला पहिला पुरावा स्वराचा आहे, याकडे लक्ष द्यावे. शोध सोपा व्हावा म्हणून स्वरचिन्हे गाळून सारण्या केल्या जातात. तशा सारणीसमोर यास्काचा हा आक्षेप मांडताही येणार नाही. युनिकोडमध्ये वैदिक चिन्हांसाठी स्वतंत्र विभाग २००९ साली आला, त्यामुळे चिन्हे उपलब्ध नाहीत ही सबबही आता चालणार नाही. शाकल्याची आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. ऋग्वेदातल्या सहा ऋचांचा पदपाठ त्याने दिलेलाच नाही, त्यांत त्र्यंबकाची प्रसिद्ध ऋचाही आहे. कारण काहीही असो, ती जागा त्याने तशीच ठेवली आणि परंपरेनेही ती भरून काढली नाही. आजच्या आज्ञावलीला रिकामा रकाना म्हणजे चूक वाटते. ती कुठला तरी तुकडा पाडतेच.

वगळण्याचा प्रश्न तोडण्याहून अवघड आहे. सारणी आटोपशीर राहावी म्हणून वारंवार येणारे बारीकसारीक शब्द गाळण्याची रीत आहे. संस्कृतात 'च', 'वा', 'न', 'इति' यांच्यावर पहिली कुऱ्हाड पडते. बृहदारण्यकातले 'नेति नेति' नेमके 'न' आणि 'इति' यांचेच बनलेले आहे. ब्रह्माचे वर्णन निषेधानेच करता येते हा उपनिषदांतला एक मोठा सिद्धांत अशा सारणीतून बेपत्ता होईल. हा धोका फक्त संस्कृतापुरता नाही. रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट धर्मगुरूला थॉमस अ‍ॅक्वायनसच्या ग्रंथांतली 'उपस्थिती'ची कल्पना तपासायची होती. 'उपस्थित' या अर्थाच्या शब्दांनी फारसे हाती लागेना. विचाराचे सूत्र 'इन' या लहानशा लॅटिन शब्दयोगी अव्ययात आहे हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने त्या अव्ययाच्या दहा हजार चिठ्ठ्या हाताने लिहिल्या. यंत्राची मदत मागायला तो १९४९ साली आयबीएमच्या थॉमस वॉटसनकडे गेला, आणि तिथून सुरू झालेल्या कामाची शब्दसूची पुढे ५६ खंडांत छापली गेली. संगणकावर धर्मग्रंथ शोधण्याच्या इतिहासाच्या आरंभीच एक क्षुल्लक समजला जाणारा शब्द उभा आहे.

यावर परंपरेच्या बाजूने एक आक्षेप येईल: शास्त्र गुरुमुखातून यावे, अशा तुकड्यांनी ते स्वस्त होते. मला तो मान्य नाही. कात्यायनाची सर्वानुक्रमणी सूक्तागणिक आरंभीचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद सांगते; म्हणजे सूची ही परंपरेचीच निर्मिती आहे. कर्नल जेकब यांचा उपनिषदांचा आणि गीतेचा वाक्यकोश १८९१ साली मुंबईत निघाला, त्यानेही अभ्यास उथळ केला नाही. शिवाय 'शास्त्रात असे लिहिले आहे' असे दरडावून सांगणाऱ्याला 'कुठे?' असे विचारण्याची सोय ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नव्हती, त्यांच्या हातात ही सारणी येते आहे. गीता मराठीत आणणाऱ्या ज्ञानदेवांच्या भूमीत तरी या सोयीला कोणी नाक मुरडू नये. पण ज्यांच्या हाती ती पहिल्यांदाच येते त्यांचीच फसगत सर्वांत सहज होते, म्हणून सारणीकाराची जबाबदारी वाढते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा शेवटी स्वतःच्या ओव्यांत शक आणि केलेले काम दोन्ही नोंदवले. मूळ कुठे संपते आणि संपादकाचा हात कुठे लागतो, हे वाचकाला कळते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. यंत्राला जागेची ददात नाही. मग सगळे पदच्छेद आणि सगळे पाठ साठवा, वाद मिटला. साठवावेतच, आणि प्रत्येकापुढे कर्त्याचे नाव लिहावे: 'तत्' शांकर, 'अतत्' माध्व. तरीही निकालात आधी कोणते दाखवायचे हे कोणी तरी ठरवतेच, आणि सगळे दाखवले तरी तात्पर्य हाती येत नाही. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी सहा लिंगे, म्हणजे खुणा, सांगितलेली आहेत: उपक्रमोपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. सदानंदांच्या 'वेदान्तसारा'त ती छांदोग्याच्या याच अध्यायावर लावून दाखवली आहेत. यांपैकी अभ्यास, म्हणजे पुनरुक्ती, एवढेच लिंग सारणीला मोजता येते, आणि तेही पदच्छेद ठरल्यानंतर. नऊ आवृत्ती आहेत हे यंत्र क्षणात सांगेल. समुद्राला मिळणाऱ्या नद्या आणि पाण्यात विरघळलेले मीठ हे दृष्टान्त ऐक्याचे की भेदाचे, हे मात्र बारा वर्षे शिकून परतलेल्या मुलाला बाप जो पहिला प्रश्न विचारतो, तिथपासून वाचत गेल्याशिवाय ठरवता येत नाही. शोधाच्या निकालातल्या नऊ ओळींत तो प्रश्न नसतो. म्हणून निकालाच्या प्रत्येक ओळीपाशी, पदच्छेद करणाऱ्याच्या नावाच्या शेजारी, त्या अध्यायाचा आरंभ उघडणारा दुवा असावा, आणि तो एका बोटाच्या स्पर्शावर असावा.